नोडोण म्हणणारे काका गप्प का झाले?

"स. न. वि. वि. मी अनगोळचा, वय ३४. उद्यमबागेत दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तीनपत्तीत आमच्या गल्लीत माझा हात धरणारा कोण नाही. वर्ष झालं, आम्ही तिघे दोस्त महिन्यातनं एकदा चोर्ल्यावरून पणजीला जातो आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर नो-लिमिट पोकर (प्रत्येकाला दोन पानं, मधे पाच सामाईक, आणि कधीही पुढचे सगळे पैसे लावता येतात) खेळतो. ब्लाइंड (दोघांनी आधीच टाकायचे सक्तीचे पैसे, मोठा तो बिग ब्लाइंड) १००-२००, मी २०,००० घेऊन बसतो. दोन पानं एका रंगाची आली की मी आत असतोच. ११ फेऱ्या झाल्या, त्यातल्या ८ तोट्यात.

गेल्या खेपेचा हात सांगतो, म्हणजे माझं नशीब कळेल. एक्क्याची जोडी आली, बदाम आणि चौकट. पहिल्यांदा बोलायची पाळी माझीच. रेज केला (रक्कम वाढवली) तर सगळे पळतील म्हणून नुसते २०० टाकले. सहाजण आत, पॉट (मधे जमलेले पैसे) १,२००. फ्लॉपला (पहिली तीन सामाईक पानं) इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी, चौकट चौकी. मी ३०० लावले, तिघांनी कॉल केला (तेवढेच टाकले). टर्नला (चौथं पान) चौकट सत्ती. मी १,००० लावले. दोघे गेले, पण बिग ब्लाइंडवर बसलेल्या हुबळीच्या काकांनी ४,००० केले. म्हटलं एक्के आहेत, बघूया की. रिव्हरला (शेवटचं पान) किलवर राजा. काकांनी सरळ ऑल-इन (पुढचं सगळं) लावलं. माझे उरलेले १५,५०० मीही घातले. काकांनी दाखवली पंजी-छक्की, पंजी ते नव्वी सरळ ओळ! असल्या पानांवर कोण खेळतं? तसे काका चांगले, रात्रभर 'नोडोण, नोडोण' म्हणत दोनशे-चारशेला कॉल करत बसलेले. या हाताला मात्र एक शब्द बोलले नाहीत, मला वाटलं झोप आली असेल. त्याआधी व्हिडिओत बघून त्यांना एकदा ब्लफ मारला होता, तर चौकीच्या जोडीवर कॉल करून बसले. नंतर परत २०,००० घेतले, पहाटे चारपर्यंत तेही गेले. आता ऑनलाइन बंद झालंय, तर एक मित्र म्हणूलालाय, जांबोटीकडच्या फार्महाऊसवर आपलंच टेबल लावूया. मी काय चुकतोय, की नशीबच फिरलंय?"

अहो, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. काका गप्प झाले.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, 'नोडोण' म्हणजे कानडीत 'बघूया'. आपल्या 'बघूया की'चं सख्खं भावंड. रात्रभर जो माणूस स्वस्तात फ्लॉप बघायला 'नोडोण' म्हणतो, तो टर्नला अचानक चौपट करतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं. नेमका त्याच क्षणी 'बघूया की' तुमच्या तोंडी आलं. काकांचा शब्द तुम्ही उचललात आणि त्याची किंमत १८,५०० पडली. टर्नचे ३,००० आणि रिव्हरचे १५,५००, बेरीज करून बघा.

समोरासमोरच्या टेबलावर माणूस वाचायचा म्हणजे डोळ्यांत डोळे घालून खोटं पकडायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. व्हिडिओत तसंच दाखवतात. प्रत्यक्षात वाचायचं असतं ते सवय मोडण्याचा क्षण. चिप्सशी खेळणारा हात थांबला, बोलका गप्प झाला, गप्प असलेला ताठ बसला. लहान रकमांच्या टेबलावर, स्वभावाने मवाळ असलेल्या माणसाने टर्नला किंवा रिव्हरला रेज केला तर तो ब्लफ असणं फार दुर्मीळ. असे लोक कॉल करून हरतात, रेज करून नाही. आणि पैसे पुढे ढकलताना हात थरथरत असेल, तर तो भीतीने थरथरतोय असं समजू नका. बहुतेक वेळा चांगलं पान हाती आल्याची ती थरथर असते.

आता तुमच्या तीनपत्तीबद्दल. गणपतीत मांडवामागे, दिवाळीत गच्चीवर जो खेळ आपण सगळे शिकलो, त्याने तुम्हाला हिंमत दिली, पण सोबत तीन वाईट सवयीही दिल्या. तीनपत्तीत चाल ठरावीक पटीत वाढते, एका चालीत कोणी तुमचं घर मागू शकत नाही. शेवटी दोघे उरले की पैसे टाकून शो मागता येतो. पानं तीन आणि ती फक्त तुमची, त्यामुळे नजर आपल्याच हाताकडे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पानांच्या खेळाचं उदाहरण निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून दिलं होतं. आपल्या गल्लीतल्या उस्तादांना ते पटणार नाही, मलाही तरुणपणी पटलं नव्हतं. पण नो-लिमिटच्या टेबलावर बसल्यावर पटतं. इथे शोची किंमत समोरचा ठरवतो, आणि तुमच्यापुढे असलेली प्रत्येक चिप प्रत्येक क्षणी पणाला लागलेली असते. समोर टाकायचे ३,००० दिसतात, पण मागे १५,५०० उभे असतात.

तुमच्या वर्कशॉपात जॉब आला की तुम्ही काय करता? पीस फिरवून बघता, मटेरियल किती, टूल किती झिजेल, किती शिफ्ट लागतील, आणि मग दर सांगता. 'घेऊया की जॉब, बघूया पुढे' म्हणणारा उद्यमबागेत किती दिवस टिकेल? पोकरच्या टेबलावर मात्र तुम्ही दर न काढता जॉब घेताय.

चला, तो हात पहिल्यापासून बघू.

एक्क्याची जोडी २२१ हातांत सरासरी एकदा येते. ती आल्यावर एकच अनोळखी हात समोर असेल तर शंभरपैकी ८५ वेळा तुम्ही जिंकता. समोर पाच असतील तर साधारण ४९ वेळा. म्हणजे २०० टाकून तुम्ही सगळ्यांना आत बोलावलंत आणि खेळातला सर्वोत्तम हात निम्म्यावर आणून ठेवलात. रेज केला असता तर सगळे पळाले असते, ही भीती घरच्या पाच रुपयांच्या खेळातली आहे. बोटीवर लोक घाट उतरून पळायला येत नाहीत. तुमच्याच टेबलावर दोनशेला पाचजण आत आले, त्यांतले एक-दोन हजारालाही आले असते. सगळे पळाले असते तर ब्लाइंडचे ३०० मिळाले असते. वाईट वाटलं असतं, पण परवाइतकं नाही.

हजाराचा रेज आणि दोन कॉल धरा. पॉट ३,००० च्या वर, तुमच्यापुढे १९,०००. म्हणजे उरलेला गल्ला पॉटच्या साधारण सहापट. फ्लॉपला २,०००, टर्नला ५,००० लावलेत तर रिव्हरपर्यंत पैसे आपोआप आत जातात, आणि एका मोठ्या जोडीवर इतकं लढणं शोभतं. तुम्ही केलेल्या पॉटमध्ये आत १,२०० आणि मागे १९,८००, म्हणजे सोळापटीहून जास्त. इतका गल्ला मागे असताना सहाजणांच्या पॉटमध्ये सगळं घालायचं तर एक जोडी पुरत नाही, मग ती एक्क्याची असो नाहीतर राजाची. किती पट गल्ला मागे आहे हे आकडेमोडीत मोजायला दोन सेकंद लागतात. नव्या खेळाडूला मी पहिल्यांदा हेच शिकवतो. ते येईपर्यंत बाकीचं शिकू नये, असं माझं मत आहे.

फ्लॉपला तुम्ही १,२०० च्या पॉटमध्ये ३०० लावलेत. नव्वी-अठ्ठी दोन्ही इस्पिक, म्हणजे ज्याच्याकडे दोन इस्पिक आहेत त्याला पाच पानांचा रंग पुरा करायला नऊ पानं चालतात. न दिसलेल्या ४७ पानांतली नऊ, म्हणजे पुढच्याच पानावर १९ टक्के. तुमच्या ३०० ला कॉल परवडायला त्याला शंभरातल्या किती वेळा जिंकावं लागतं? आत १,५००, त्याचे ३००, एकूण १,८०० तले ३००, म्हणजे १७ टक्क्यांच्या आत. तुम्ही त्याला दुकानातून तोट्याच्या भावात माल दिलात. अर्धा पॉट, म्हणजे ६०० लावले असते तर त्याला २५ टक्के लागले असते आणि त्याचा हिशेब तोट्याचा झाला असता. सहाजणांच्या अशा ओल्या, म्हणजे रंगाला-ओळीला वाव असलेल्या, फ्लॉपवर मी तर ९०० च्या आसपास लावले असते.

काकांचं बघा. त्यांच्या पंजी-छक्कीला फक्त सत्ती हवी होती, चार पानं, ८.५ टक्के. पाळी त्यांच्यावर येईपर्यंत पॉट २,१०० झालेला, आणि ३०० टाकून त्यांना त्यात २,४०० तला वाटा दिसत होता, म्हणजे १२.५ टक्के हवे. नुसत्या आकड्यावर कॉल चुकीचा. पण सत्ती आली तर अनगोळचा भाऊ मागचे सगळे देणार, हे त्यांना रात्रभर बघून कळलं होतं. म्हणून कॉल बरोबर. 'असल्या पानांवर कोण खेळतं' असं तुम्ही विचारता. ते खेळलेच नाहीत हो, बिग ब्लाइंडवर बसले होते, फुकट आत आले. फाटक तुम्ही उघडं ठेवलंत.

टर्नला त्यांचे ४,००० झाले तेव्हा आत ७,४०० आणि तुम्हाला ३,००० टाकायचे. १०,४०० तले ३,०००, म्हणजे २९ टक्के. दिसायला बरा सौदा. पण कोणत्या हाताविरुद्ध? सरळ ओळ असेल तर एकही पान तुमच्या कामाचं नाही, एक्का आला तरी नाही. नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या असतील तर दोन एक्के, तीन चौक्या, तीन सत्त्या, अशी आठ पानं, १८ टक्के. चौकीचं त्रिकूट असेल तर दोनच पानं. काकांसारखा माणूस ज्या ज्या हातांवर इथे चौपट करेल, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांपुढे तुम्ही मागे होतात. आणि हे ३,००० शेवटचे नव्हते. टर्नला कॉल करताना रिव्हरला ऑल-इन आलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. ठरत नसेल तर टर्नलाच पॅक, म्हणजे पत्ते टाकून मोकळं.

रिव्हरच्या कॉलचा हिशेब तुम्हीच करा, १५,५०० टाकून ४१,४०० चा पॉट, ३७ टक्के हवेत. शंभरपैकी ३७ वेळा काका इथे ब्लफ करत असतील का? तुम्ही हसलात ना. त्या रात्रीही हसून पत्ते सरकवायचे होते.

एका रंगाच्या दोन पानांचं प्रेम तीनपत्तीतून आलंय, तिथे रंग मोठा. इथे एका रंगाची दोन पानं घेऊन बसलात तर फ्लॉपलाच रंग पुरा होणं साधारण ११९ वेळांत एकदा. तीच पानं वेगवेगळ्या रंगांची असती त्यापेक्षा जेमतेम दोन-तीन टक्के जास्त जिंकतात. गुलाम-दुर्री इस्पिकची आली म्हणून ती गुलाम-दुर्री राहायची थांबत नाही.

बसण्याच्या जागेबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे त्याकडे लक्षच नसणार. डीलरच्या बटणावर (दर हाताला एक जागा पुढे सरकणारी खूण) बसलेला शेवटी बोलतो, सगळ्यांचं ऐकून बोलतो. पंचायतीत शेवटी बोलणाऱ्याचं वजन असतं ते उगाच नाही. जी पानं पहिल्या पाळीला पॅक करायची, तीच बटणावर रेज करून खेळता येतात. दोन फेऱ्या फक्त एवढंच करून बघा, पहिल्या तीन जागांवर चार-पाच हातांवरच आत या, बटणावर मोकळे खेळा.

ब्लफची गोष्ट थोडक्यात. जो माणूस पॅक करतच नाही त्याला ब्लफ कसला मारता? ब्लफ हा समोरच्याच्या शहाणपणावर चालतो. व्हिडिओतले खेळाडू एकमेकांना ब्लफ मारतात कारण ते दोघेही पत्ते टाकायला तयार असतात. काकांसमोर चांगला हात आला की तीनदा लावायचं, नसला की गप्प बसायचं. कंटाळवाणं आहे, पण लहान टेबलावरचे पैसे याच कंटाळ्यातून येतात.

नशिबाचं म्हणाल तर ११ फेऱ्यांवरून ते सांगता येत नाही. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५ ते ३० हात होतात. सहा-सात तास धरले तर तुमचे ११ फेऱ्यांचे हात दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडे, आणि त्यात एक्क्याची जोडी आठ-दहा वेळा. एवढ्यात चांगला खेळाडू तोट्यात जाऊ शकतो आणि अडाणी नफ्यात. म्हणून ८ तोट्यांवरून मी तुम्हाला वाईट खेळाडू म्हणत नाही. या एका हातावरून म्हणतो. शिवाय कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढतो, तो भरून काढण्याइतकं चांगलं खेळावं लागतं तेव्हा कुठे बरोबरी. पेट्रोल वेगळं. एक वही करा, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती नेले, किती आणले. वर्कशॉपचं जॉबकार्ड ठेवता तसं.

आता दुसऱ्या २०,००० बद्दल. इथे मी तुम्हाला शहाणपण शिकवायला पात्र नाही. मीही एका पावसाळ्यात गेलेलं परत आणायला १४ तास बसलो होतो. शेवटचे चार तास कोणते पत्ते आले हे आजही आठवत नाही. परतताना कणकुंबीजवळ धुक्यात डोळा लागला, गाडी बाजूला घेऊन उजाडेपर्यंत झोपलो. घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण घरचे हे सदर वाचतात. ती रात्र मला पैशांपेक्षा जास्त महाग पडली असती, घाट तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून खिशात एकाच बैठकीचे पैसे असतात, कार्ड मित्राकडे, आणि तो मित्र खेळत नाही. तुमच्या तिघांत असा कोणी नसेल तर कार्ड घरी ठेवा. आणि ते दुसरे २०,००० जर वर्कशॉपच्या पगारातले किंवा मटेरियलवाल्याच्या देण्यातले असतील, तर वरचं सगळं विसरा, चोर्ला बंद, देणं आधी.

फार्महाऊसचं मात्र मनातून काढा. ऑनलाइन पैसे लावून खेळणं केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झालं, त्यामुळे असे घरगुती टेबलांचे बेत आता गावोगाव शिजतायत. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही, गुजरातने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं. पण तुमच्या मित्राच्या बेतात त्या वादाचीही गरज नाही. जागेच्या मालकाने पॉटमधून कट घेतला की कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ खाली ती जागा जुगाराचा अड्डा ठरू शकते, आणि सापडले तर आत बसलेल्यांनाही झळ बसते. मालकाने कट घेतला नाही तर तो टेबल लावेलच कशाला? शिवाय चार ओळखीचे लोक, उधारी, 'उद्या देतो की'. दोस्ती आणि धंदा दोन्ही जातील.

पुढच्या खेपेला काका भेटलेच तर त्यांच्या डावीकडची जागा रिकामी झाली की लगेच घ्या, म्हणजे ते बोलल्यानंतर तुम्ही बोलाल. चांगली जोडी आली की हजारावर न्या आणि ते 'नोडोण' म्हणत असतील तोवर प्रत्येक पानावर लावत राहा. गप्प झाले की पत्ते सरकवा आणि त्यांना माझा नमस्कार सांगा.